चौदाव्या मैलाचा ब्रीच

"फुटला का?" मी विचारलं.

"न्हाई अजून," गेनबा म्हणाला. "पन फुटनार."

"फुटलेला नाही ना? मग तो शब्द मला पाठवता येत नाही."

हे बोलताना मी खुर्चीतून उठलोसुद्धा नव्हतो. गेनबा कोकरे चार किलोमीटर सायकल हाणत आला होता. एप्रिलचं ऊन, डोक्याला पटका, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि सायकलच्या दांडीला बांधलेलं खोरं. तो उजव्या कालव्यावरचा पाटकरी, म्हणजे बाराव्या ते पंधराव्या मैलापर्यंत रोज पायी भराव तपासणारा माणूस. एकोणीस वर्षं हंगामी. त्या जूनमध्ये कायम होणाऱ्यांची यादी मार्चमध्ये मीच टंकली होती, तिच्यात त्याचं नाव चौथं होतं. ते त्याने मला दोनदा वाचून दाखवायला लावलं होतं.

मी पिंपळे शाखेचा बिनतारी यंत्रचालक. वय पंचवीस, आणि इंग्रजीची घमेंड वयाच्या दुप्पट. कॉलेजात बक्षीस मिळालेली जाडजूड डिक्शनरी मी यंत्राशेजारी ठेवायचो आणि साहेबलोकांच्या संदेशातल्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करत बसायचो. कामच तसं होतं. खात्यात ब्रिटिशांपासून चालत आलेले तीन शब्द होते. पाणी झिरपलं की लीकेज, भरावाची माती घसरली की स्लिप, आणि भराव तुटून पाणी बाहेर पडलं की ब्रीच. पहिल्या दोन शब्दांवर पत्रव्यवहार व्हायचा. तिसरा शब्द मात्र कुणीही, अगदी चौकीदारानेही पाठवला, तरी धरणावरच्या माणसाने कुणाला न विचारता दारं पाडायची, म्हणजे कालव्याचं पाणीच बंद करायचं, असा नियम होता. म्हणूनच उपअभियंता हर्डीकरसाहेबांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं, की हा शब्द मला विचारल्याशिवाय तोंडातून काढायचा नाही.

"पानी गढूळ यायला लागलंय, भाऊसाहेब," गेनबा म्हणाला. "निवळ पानी झिरपतंय ते मी धा वर्सं बघतोय. त्याचं काय न्हाई. गढूळ आलं म्हंजी आतली माती चालली."

"कुठं?"

"चौदाच्या दगडाच्या अल्याड. वस्तीच्या डोक्यावर."

चौदाव्या मैलाचा शेवटचा टप्पा म्हणजे तीस फूट उंच भराव, आणि त्याच्या पायथ्याशीच वडारवस्ती. बत्तीस घरं.

मी हर्डीकरसाहेबांना यंत्रावर बोलावलं. ते टेलला होते, कालव्याच्या शेवटाला, बावन्नाव्या मैलावर. तिथल्या गावांना दोन आवर्तनं पाणी पोचलं नव्हतं. लोकांनी साहेबांना सकाळपासून बांधावर बसवून ठेवलं होतं, पाणी येईपर्यंत उठायचं नाही म्हणून.

"फुटलेलं कुणी पाहिलंय का?" खरखरीतून त्यांचा आवाज आला.

"नाही सर."

"मग? ब्रीचचा अर्थ काय? तुम्ही शिकलेले आहात."

"फुटणं, सर. झालेली गोष्ट. होणारी नव्हे."

"करेक्ट. लीकेज पाठवा. उद्या बघतो मी. आज दारं पडली तर हे लोक मला इथंच पुरतील."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. साहेबांनी माझ्या इंग्रजीला मान दिला होता. मी लीकेज पाठवलं, नोंदवहीत दहा पन्नास अशी वेळ घातली आणि गेनबाला म्हणालो, "झालं. कळवलंय."

"कोनता शब्द कळवला?"

"लीकेज."

तो दाराकडे वळला. "तुमी एकदा येऊन तर बगा. बगितल्यावर लीकेज म्हना, मी काय म्हननार न्हाई."

मी गेलो. कंटाळतच गेलो, हेही कबूल करतो.

भरावाच्या उतारावर घागरीच्या तोंडाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून चहाच्या रंगाचं पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. गेनबाने त्याच्या कडेला सकाळी एक काडी रोवून ठेवली होती. ती काडी आता भोकाच्या आत, मध्यावर तरंगत होती. मी उताराला हात लावला. माती थंडगार होती आणि आतून बारीक थरथरत होती. 

खाली वस्तीत मांडव घातला होता. लग्न होतं. ताशा वाजत होता, चुलवणावर भात शिजत होता, पाहुण्यांच्या दोन बैलगाड्या सोडलेल्या होत्या. गेनबाने सकाळीच जाऊन सांगितलं होतं, कुणी ऐकलं नव्हतं. मी पळत खाली गेलो. नवरीचा बाप तायाप्पा, धिप्पाड माणूस, डोक्याला गुलाबी फेटा बांधून हिंडत होता.

"तायाप्पा, तासाभरासाठी माणसं माळावर न्या. भरावाचं काही खरं नाही."

"एक वाजून धा मिन्टाचा मुहूर्त हाय, साहेब."

"माळावर लावा लग्न."

"देवक हितं बसवलंय. मांडव सोडून अक्षता टाकत न्हाईत आमच्यात." तो हसला, पण डोळ्यांनी नाही. "गेल्या साली मोजणीवाले आले, म्हनले उठा. त्याच्या आदी रस्तेवाले आले, म्हनले उठा. आता पाटवाले. पाट फुटलाय असा तुमच्या साहेबाचा कागद असंल तर दावा."

कागद नव्हता. जो कागद होता त्यावर लीकेज लिहिलेलं होतं.

मी पुन्हा वर आलो. भरावापासून थोडं अलीकडे जादा पाणी ओढ्यात सोडायचं दार होतं. दोघांनी मिळून त्याचं चाक फिरवायचा प्रयत्न केला. सात वर्षं त्याला कुणी ग्रीस दाखवलं नव्हतं. चाक जागचं हललं नाही, माझ्या तळहातांची सालं मात्र निघाली.

"तार करा," गेनबा म्हणाला. बिनतारी संदेशाला तो तारच म्हणायचा. "त्योच शब्द टाका."

"अरे, पण फुटलेलं नाही. खोटा संदेश होईल तो. टेलचं पाणी तुटेल, उद्या चौकशी येईल, ब्रीच दाखवा म्हणतील. काय दाखवू?"

"आन धरनावर दारं पडल्यावर हितलं पानी कवा उतरंल?"

मी हिशेब केला. चौदा मैल. "संध्याकाळ होईल."

 गेनबा भोकाकडे पाहत राहिला. काडी एव्हाना वाहून गेली होती. मग त्याने विचारलं, "ह्या शब्दाचा खरा अर्थ काय हो, भाऊसाहेब? आमी नुसतं ब्रीच ब्रीच म्हनतो."

अशा वेळीही माझ्यातला पंडित जागा झाला, याची आज मला शरम वाटते. मी त्याला सांगितलं, की ब्रेक म्हणजे तोडणं, त्याच्याच कुळातला हा जुना शब्द आहे. पूर्वी किल्ल्याच्या तटाला तोफांनी खिंडार पाडलं की त्याला ब्रीच म्हणायचे. पुढे समुद्राचा बांध तुटला तरी तेच म्हणायला लागले, आणि नंतर कायदा मोडला, वचन मोडलं, तरी तोच शब्द. पण कुठेही वापरला तरी तुटण्याची गोष्ट घडून गेलेली असावी लागते.

"म्हंजी खिंडार असलं की झालं," तो म्हणाला.

"हो."

"तारंत कुटला मैल टाकनार?"

"टाकला तर चौदावा. ही जागा चौदाव्यातच येते ना."

"टाका. तुमी जावा. शब्द खोटा पडनार न्हाई. मी हाय हितं."

त्याच्या त्या बोलण्याचा अर्थ विचारायला मी थांबलो नाही. थांबायचं नव्हतंच मला. सायकलवर टांग मारली आणि जीव खाऊन पायडल मारत निघालो. वाटेभर मनात दोनच गोष्टी आलटून पालटून येत होत्या, खालचा मांडव आणि माझी नोकरी. माझ्या पगारावर घरी पाच माणसं होती. कचेरीत पोचलो तेव्हा बारा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. साहेबांना मी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि मग पाठवायची माझी छाती झाली नसती.

"ब्रीच. उजवा कालवा, चौदावा मैल," मी धरणावर कळवलं.

 पलीकडून आवाज आला, "पिंपळे, शब्द पुन्हा सांगा."

मी सांगितला.

"खात्री आहे?"

"आहे."

"दारं पाडतोय."

नोंदवहीत मी बारा वीस लिहिलं. दोनवरचं शून्य नीट उमटलं नाही, ते मला गिरवावं लागलं.

परत भरावावर आलो तेव्हा गेनबा तिथे नव्हता. भोक आता परातीएवढं झालं होतं. खाली मुहूर्ताची घाई चालली होती, बायका मांडवात गोळा होत होत्या. मी गेनबाला हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. एक क्षण वाटलं, पळून गेला. मला एकट्याला खोटा शब्द आणि हा भराव देऊन पळून गेला. मी त्याला एक घाणेरडी शिवी हासडली.

तेवढ्यात पाण्याकडे लक्ष गेलं. कालव्याच्या आतल्या दगडावर खुणेच्या रेघा असतात. सकाळी पाणी वरच्या रेघेला टेकलेलं होतं. आता ते चांगलं वीतभर खाली होतं. धरणावर दारं पडून अर्धा तासही झाला नव्हता, म्हणजे हे पाणी दारांमुळे उतरलेलं नव्हतं. कानावर घरघर आली, वरच्या अंगाने. मी तिकडे धावलो.

अर्ध्या मैलावर, ओढा जिथे कालव्याला खेटून जातो तिथे, भरावाला बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं होतं. पाणी त्यातून धो धो ओढ्याकडे चाललं होतं, दोन्ही कडांची मातीची ढेकळं कोसळत होती. गेनबा कडेला बसला होता. पटका सुटलेला, तळहात रक्ताळलेले, खोऱ्याचा दांडा मोडलेला. बांधाची तिथली माती त्याने वावभर खणली असेल, बाकीचं काम पाण्याने केलं होतं.

"काय केलंस हे," मी म्हणालो.

"पानी उतरतंय का तिकडं?"

"उतरतंय."

"गढूळ यायचं थांबलं?"

"कमी झालं असेल. बघायला हवं."

"मग झालं." त्याने तोंडावरचा घाम पुसला आणि चिखल फासून घेतला. "आता तुमचा शब्द खरा झाला न्हवं?"

खालून ताशाचा आवाज मोठा झाला. अक्षता पडल्या होत्या. मी तिथेच बसलो आणि मला रडू आलं. गेनबाने माझ्याकडे पाहिलं नाही. तो ओढ्यापलीकडे एका वावराकडे पाहत होता. तिथे काढायला आलेला कांदा होता आणि पाणी त्याच्यात शिरलं होतं. कुणाचं वावर, हे मी त्या वेळी विचारलं नाही.

कालवा कोरडा झाल्यावर वस्तीवरचा भराव खणून पाहिला, तर आतमध्ये बैल उभा राहील एवढी पोकळी निघाली. तिची नोंद चौकशीच्या कागदात "अन्य दोष" या सदरात झाली. चौकशी फक्त ब्रीचची होती.

ती अकराव्या दिवशी सकाळी आमच्याच शाखेच्या बंगल्यावर झाली. मोठ्या कचेरीतून चौकशी अधिकारी आले होते, सोनेरी काडीचा चष्मा घातलेले, हळू बोलणारे. बाहेरच्या बाकावर मी आणि गेनबा शेजारी बसलो होतो. मला तीन रात्री झोप नव्हती. मी त्याला म्हणालो, "गेनबा, मी खरं सांगून टाकतो."

"काय खरं?"

"की संदेश आधी गेला आणि ब्रीच नंतर झाला."

"मंग इचारतील, झाला कसा." तो अगदी हळू, समजुतीने बोलत होता. "मी फोडला म्हनलं तर मला जेल. सरकारी पाट फोडला म्हनून. तुमी खोटी तार केली म्हनलं तर तुमी घरी, आन पाट कसा फुटला ते ऱ्हातंच. मी झोपलो हुतो म्हनलं तर नुसती माजी नोकरी जाती."

"तुझं नाव यादीत आहे, गेनबा. चौथं."

"ठावं हाय. तुमीच वाचलंय की." तो थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी खरडत राहिला. "हंगामी मानसाला झोपल्याचा काय गुन्हा लावत्यात? उद्यापासनं येऊ नगं म्हनत्यात."

 एक गोष्ट मला अकरा दिवस खात होती, ती मी विचारली. "फोडायचाच होता तर तेराव्या मैलात का नाही फोडलास? तिथं बांध बारीक आहे. खाली नुसता पडीक माळ. कुणाचं काही गेलं नसतं."

"चौदावा लिवनार म्हनला हुता न्हवं तुमी."

मला पटकन समजलंच नाही.

"तारंत चौदावा आन खिंडार तेराव्यात, कसं चाललं असतं?" तो म्हणाला. "चौदाव्यात वढ्याला लागून तेवडी एकच जागा. खाली माजंच वावर हाय, म्हनून कुनाला इचारायचं कारन न्हवतं. दुसऱ्याचं असतं तर इचार करावा लागला असता."

आतून गेनबाचं नाव पुकारलं. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"ब्रीच किती वाजता झाला?"

"बाराला, साहेब."

"फुटला की कुणी फोडला?"

"फुटला."

"तू कुठं होतास?"

"बाभळीखाली. डोळा लागला हुता."

"भर पाळीत झोपलास?"

"चूक झाली, साहेब."

मग मला बोलावलं. गेनबा तिथेच भिंतीशी उभा होता. अधिकाऱ्यांच्या पुढे माझी नोंदवही उघडी होती, बारा वीसच्या ओळीवर त्यांचं बोट होतं. शून्य गिरवलेलं दिसत होतं.

"बाराच्या सुमारास तुम्ही स्वतः कालव्यावर होतात. ब्रीच पाहिलात आणि लगेच संदेश दिलात. बरोबर?"

 पोकळीचा कागद त्यांच्याच फायलीत होता. मी खरं बोललो असतो आणि तो कागद दाखवला असता, तर कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. तो माणूस काही राक्षस नव्हता. कदाचित आम्ही दोघेही सुटलो असतो, कदाचित दोघेही गेलो असतो. हे मी तेव्हाही मनात मांडलं होतं आणि त्यानंतरही शेकडो वेळा मांडलं आहे.

"बरोबर, सर," मी म्हणालो.

"आणि पाटकरी झोपलेला होता? तुम्ही पाहिलंत?"

हा प्रश्न विचारला जाईल असं मला वाटलं नव्हतं. मी धरून चाललो होतो की मी फक्त गप्प राहायचं आहे. मी गेनबाकडे पाहिलं. त्याच्या तळहातांवरच्या जखमांना खपल्या धरल्या होत्या. मुठी मिटून तो त्या लपवत होता, झोपलेल्या माणसाचे हात कसे सोलवटले असं कुणी विचारू नये म्हणून. त्याने मान किंचित हलवली. हो म्हणा, अशी.

"होय सर. झोपला होता."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी सही केली. माझ्या सहीखाली गेनबाने अंगठा उठवला, तेव्हा खपली निघून शाईत रक्त मिसळलं आणि कागदावर ठसा जरा तांबूस उमटला. अधिकाऱ्यांनी टीपकागद दाबला.

गेनबाला काढल्याचा आदेश टंकायला माझ्याकडेच आला. "कर्तव्यात अक्षम्य कसूर." चार प्रती काढल्या. नंतर नवी यादी टंकली, पाचव्या नावाचं चौथं केलं. गेनबाने खात्याचं खोरं आणून दिलं, नवा दांडा बसवून. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाला, "तायाप्पाच्या पोरीला घेऊन जावाई आला हुता काल. जोडी झ्याक हाय." एवढं बोलून तो गेला. त्यानंतर पाच-सहा वर्षं तो बाजारात कधीमधी दिसायचा, दुसऱ्याच्या वावरात रोजाने जायचा. मी समोरून येताना दिसलो की तोच आधी रामराम घालायचा. मला मात्र दर वेळी वाट बदलावीशी वाटायची, आणि दोनदा मी ती बदललीही.

पावसाळ्याच्या तोंडी माझ्या नावाने मोठ्या कचेरीचं पाकीट आलं. आत जाड कागदावर प्रशस्तिपत्र होतं, इंग्रजीत, खाली मोठ्या साहेबांची हिरव्या शाईची सही. ब्रीच तातडीने आणि अचूक कळवल्याबद्दल माझं अभिनंदन केलेलं होतं. सवयीने मी चूक सापडते का म्हणून ते वाचलं. ब्रीच हा शब्द त्यात तीन वेळा आला होता, आणि तिन्ही ठिकाणी तो बरोबर वापरलेला होता.